टंबलरची मोटर तापू नये म्हणून: नव्याने दगड घासू लागलेल्यांसाठी

रॉक टंबलर, म्हणजे बॅरलमध्ये (बंद पिंपात) दगड फिरवून ते गुळगुळीत करणारे यंत्र, घरी आणणाऱ्याचे सगळे लक्ष बॅरलमधल्या दगडांकडे असते. कोणती ग्रिट (घासण्याची पूड) किती चमचे घालायची, गारगोटीसोबत जॅस्पर चालेल का, चकाकी येण्यासाठी शेवटी कोणती पावडर वापरायची, हे प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारले जातात आणि मागच्या बाजूला घूं घूं करत असलेल्या मोटरकडे कोणी पाहत नाही. खरे तर त्या यंत्रातला सर्वांत राबणारा भाग तोच असतो. भरड, मध्यम, बारीक आणि पॉलिश असे चार टप्पे, प्रत्येकाला साधारण एक आठवडा, म्हणजे जवळजवळ महिनाभर मोटर अहोरात्र फिरते. तीस दिवसांचे 720 तास होतात. घरातला मिक्सर रोज दहा मिनिटे चालतो असे धरले, तर तेवढे तास भरायला त्याला जवळजवळ बारा वर्षे लागतील.

खंबातच्या अकीक कारागिरांकडे पूर्वी हे काम मोटरशिवाय होत असे. मणी आणि घासण्याची पूड चामड्याच्या पिशवीत भरायची आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोळवत राहायची. माणूस दमला की थांबतो. मोटरला ती सोय नाही, ती तापते, आणि तिचे तापणे आपल्याला वेळेवर ओळखता आले पाहिजे.

ही मोटर मुळात गरम का असते

घरगुती लहान टंबलरमध्ये बहुतेक वेळा शेडेड पोल प्रकारची इंडक्शन मोटर असते. तिच्यात कार्बन ब्रश नाहीत, कपॅसिटर नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि ती स्वस्त असते. तिचा दोष असा की घेतलेल्या विजेतला मोठा भाग ती फिरण्याऐवजी उष्णतेत घालवते. भार नसतानाही ती बरीच तापते, कारण विजेतले नुकसान भार असो वा नसो, जवळपास तेवढेच होते. म्हणून नव्या टंबलरची मोटर तासाभरात हात फार वेळ टेकवता येणार नाही इतकी गरम लागली, तर घाबरून दुकानदाराला फोन करण्याची गरज नाही. बाहेरचे आवरण 60 अंशांच्या आसपास असणे अशा मोटरसाठी नेहमीचे आहे. आवरण त्याच्या बरेच वर जाऊ लागले, किंवा कालपर्यंत जेवढे होते त्यापेक्षा आज जास्त झाले, की मग काळजी करावी.

आतल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचे पातळ आवरण असते आणि मोटरचे आयुष्य त्या आवरणावर अवलंबून असते. या इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत: ए वर्ग 105 अंश, बी वर्ग 130 अंश, एफ वर्ग 155 अंश. इलेक्ट्रिकच्या धंद्यात जुना ठोकताळा असा आहे की मर्यादेच्या वर दर 10 अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. मोटर एका दिवसात जळत नाही, ती हळूहळू भाजत जाते आणि मग एका रात्री जळते.

आधी नावपट्टी वाचावी

यंत्र चालू करण्याआधी मोटरवरची पट्टी टॉर्चच्या उजेडात नीट वाचावी आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तीन गोष्टी पाहायच्या: व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी आणि ड्यूटी. ड्यूटीच्या जागी एस 1 किंवा ‘सतत’ या अर्थाचा शब्द असेल, तर मोटर अखंड चालण्यासाठी बनवलेली आहे. एस 2 असेल तर ती ठरावीक वेळच चालवायची आहे.

घरच्या घरी टंबलर बनवणाऱ्यांची इथेच फसगत होते. जुन्या मिक्सरची मोटर ताकदवान असते, पण तिच्यावर तीस मिनिटांचे रेटिंग आणि ‘पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद’ असे लिहिलेले असते, आणि तिच्याकडून आठवडाभर काम घेणे म्हणजे तिला जाळायला बसवणेच होय. शिवणयंत्राच्या मोटरचेही तेच. कूलरच्या पंख्याची मोटर सतत चालणारी असते म्हणून अनेक जण ती काढून वापरतात, परंतु ती आपल्याच पात्यांच्या वाऱ्याने थंड राहील असे गृहीत धरून बनवलेली असते. पाते काढून पुली बसवली की तो वारा जातो आणि मोटर तापू लागते. ती वापरायचीच असेल तर तिच्यासाठी बाहेरून वेगळा पंखा लावावा.

अमेरिकेहून आलेल्या टंबलरची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे मुलाने, भाचीने किंवा मावसभावाने बॅगेत घालून आणलेले यंत्र बरेचदा 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचे असते. लोक 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर घेतात आणि प्रश्न सुटला असे समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही, आणि भारतात ती 50 हर्ट्झच राहते. इंडक्शन मोटरच्या लोखंडातले चुंबकीय क्षेत्र व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या गुणोत्तरावर ठरते. 120 भागिले 60 म्हणजे 2, तर 110 भागिले 50 म्हणजे 2.2. हा दहा टक्क्यांचा फरक लहान वाटतो, पण स्वस्त मोटरचे लोखंड आधीच काठावर वापरलेले असते, ते संपृक्त होते, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि प्रवाह त्याहून बराच जास्त वाढतो. शिवाय 50 हर्ट्झवर मोटर एक षष्ठांशाने हळू फिरते, म्हणजे शाफ्टवरचा (फिरणाऱ्या दांड्यावरचा) तिचा छोटा पंखाही हळू फिरतो. उष्णता जास्त आणि वारा कमी. अशा यंत्राला 100 व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर योग्य, कारण मग गुणोत्तर पुन्हा 2 होते. पट्टीवर 50/60 असे दोन्ही आकडे असतील तर हा सारा हिशेब सोडून द्यावा.

जागा निवडताना

बहुतेक मोटरींचे रेटिंग भोवतालचे तापमान 40 अंश धरून दिलेले असते. जळगावला, अकोल्याला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात दुपारची सावलीच ही मर्यादा ओलांडते, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत टंबलर ठेवणे म्हणजे मोटरच्या हातात आधीच काही उरू न देणे होय. विदर्भ-खानदेशातल्या मंडळींनी एप्रिल-मे या दोन महिन्यांत सरळ विश्रांती घ्यावी, किंवा यंत्र तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, फरशीवर ठेवावे, असे माझे मत आहे. ज्या दगडांनी दख्खनच्या लाव्ह्यात सुमारे साडेसहा कोटी वर्षे वाट पाहिली, ते पाऊस पडेपर्यंत आणखी थांबू शकतात.

यंत्राच्या खाली गोधडी, पायपुसणे किंवा फोम घालू नये. आवाज कमी करण्यासाठी तो मोह होतो, पण बऱ्याच यंत्रांची हवा आत घेणारी भोके तळाला असतात आणि ती झाकली जातात. रबराचे चार कडक तुकडे पायांखाली ठेवावेत. भिंतीपासून वीतभर अंतर असावे.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो. रात्री घरच्यांना झोप लागेना म्हणून मी टंबलर प्लायवूडच्या खोक्यात ठेवला आणि खोक्याला आतून थर्मोकोल लावले. शांतता अप्रतिम होती. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद दिसले, लाइट गेली असेल असे मला वाटले, आणि खोक्याचे झाकण उघडून मी चहा पिईपर्यंत ते आपोआप सुरू झाले. झाकण लावल्यावर तासाभरात पुन्हा बंद. शेवटी सगळे बाहेर काढून पाहिले, तर मोटरच्या मागचे थर्मोकोल आत गेले होते, जणू कोणी गरम वाटी टेकवली असावी, आणि हाताला जुन्या रेडिओच्या पाठीसारखा वार्निशचा वास येत होता. मोटरमधल्या थर्मल कटआउटने, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या भागाने, तिला वाचवले, माझ्या हुशारीने नव्हे.

खोके हवेच असेल तर मोटरच्या बाजूला खाली एक आणि समोरच्या बाजूला वर एक, असे तळहाताएवढे दोन झरोके ठेवावेत आणि वरच्या झरोक्यात संगणकातला 12 व्होल्टचा 80 मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवावा. खोक्याच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे उबदार लागत असेल तर झरोके कमी आहेत.

वजन आणि पाणी

तीन पौंडांचा बॅरल म्हणजे तीन पौंड दगड, असे समजणारे नवखे खूप असतात. बऱ्याच यंत्रांत तो आकडा दगड, पाणी, ग्रिट आणि स्वतः बॅरल या सर्वांच्या वजनाची कमाल मर्यादा सांगतो. तीन पौंड म्हणजे सुमारे 1.36 किलो. भरलेला बॅरल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावा आणि माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडावा. दगडांनी बॅरलचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग भरावा आणि पाणी वरच्या थरातल्या दगडांच्या जेमतेम खाली राहावे. अर्धाच भरलेला बॅरलही चांगला नाही, कारण त्यात दगड धपाधप आदळतात आणि प्रत्येक धक्का बॅरलखालचे रोलर फिरवणाऱ्या पट्ट्यातून मोटरपर्यंत जातो.

बॅरलचे तोंड बंद करण्यापूर्वी त्याची कड आणि झाकणाचे रबर ओल्या फडक्याने पुसावे. एक कण राहिला तरी तिथून गाळ पाझरतो, आणि तो कुठे जातो हे पुढे येते. काही दगडांतून वायू सुटतो आणि रबरी बॅरलचे तोंड फुगते. फुगलेले टोक चौकटीच्या टेकूला घासू लागले की मोटरला ब्रेक लावल्यासारखे होते, म्हणून सुरुवातीचे काही दिवस रोज एकदा झाकण उघडून बंद करावे. आपल्याकडच्या खाणींतले सुंदर झिओलाइट मऊ असतात, ते टंबलरमध्ये घालूच नयेत, ते कपाटात शोभतात.

पट्टा

पट्टा किती ताणावा याचे उत्तर बोटात आहे. दोन पुलींच्या मधोमध बोटाने हलके दाबल्यावर पट्टा पाव इंचाएवढा, म्हणजे सहा-सात मिलिमीटर, आत जावा. अजिबात जात नसेल तर तो मोटरच्या शाफ्टला एका बाजूला ओढतो आहे आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) तिरके झिजते आहे. फार जात असेल तर तो घसरतो, पुलीखाली काळी भुकटी साचते आणि पुली गरम होते. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे एक सरळ पट्टी लावून पाहावे. जुन्या पट्ट्यावर बेल्ट ड्रेसिंग किंवा राळ चोपडून काम चालवू नये, नवा पट्टा काही महाग नसतो.

बुश आणि तेल: इथे वेळ द्यावा

मोटर तापल्याची तक्रार घेऊन जे टंबलर माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांत मोटर निर्दोष होती. दोष होता रोलरच्या शाफ्टखालच्या बुशमध्ये. झाकणातून पाझरलेला गाळ बॅरलवरून ओघळून शाफ्टवर उतरतो, तिथून बुशमध्ये शिरतो, आणि त्या गाळात सिलिकॉन कार्बाइड असते, जे गारगोटीला कापते. पितळी किंवा नायलॉनच्या बुशचे त्याच्यापुढे काय चालणार? बुश घासते, जाड होत गेलेल्या राखी चिखलात शाफ्ट अडकू लागतो, आणि मोटर तो ओढत राहते.

तपासणी अशी करावी. प्लग सॉकेटमधून काढावा, नुसते बटण बंद करून भागवू नये. बॅरल उचलावा, पट्टा काढावा. आता रोलरचा शाफ्ट एका बोटाने टिचकी मारून फिरवावा. तो दोन-तीन फेरे सहज घेऊन थांबला तर ठीक. बोट काढताच थांबला, किंवा जात्यासारखा खरखर आवाज आला, तर बुशमध्ये गाळ आहे. शाफ्ट बाहेर काढून तो आणि बुशचे भोक रॉकेल लावलेल्या कापडाने पुसावे, कापडावर राखी डाग उठेनासे होईपर्यंत पुसावे, मग कोरडे करून तेल द्यावे. मोटरचा शाफ्टही असाच हाताने फिरवून पाहावा, तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर बुश झिजले आहे, तिथे तेलाने काही होणार नाही.

तेल कोणते, यावर लोक फार वाद घालतात. शिवणयंत्राचे पातळ तेल मिळाले तरी पुष्कळ, आणि एसएई 20 चे डिटर्जंट नसलेले तेल मिळाले तर त्याहून बरे. मोटरमधली बुश सच्छिद्र ब्राँझची असते, ती तेल शोषून ठेवते आणि गरम झाली की थोडे थोडे सोडते, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक टोकाला दोन थेंब पुरतात. खोबरेल किंवा गोडेतेल मुळीच घालू नये. ते उष्णतेने चिकट होऊन डिंकासारखे बसते आणि हिवाळ्यात खोबरेल तर थिजतेही. गंज सोडवणारे स्प्रे तेल म्हणून मारू नयेत, कारण त्यातला द्रावक बुशमधले असलेले तेलही धुऊन काढतो. जास्त तेल ही चूकही तितकीच मोठी. ओघळलेले तेल पट्ट्यावर गेले की पट्टा घसरतो, आणि उरलेल्या तेलावर धूळ व ग्रिट चिकटून पुन्हा तोच चिखल तयार होतो. थेंब टाकून, शाफ्ट हाताने दहा वेळा फिरवून, बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे.

मोटरच्या झरोक्यांतली धूळ महिन्यातून एकदा कोरड्या रंगाच्या ब्रशने काढावी. वाळलेला गाळ घरभर उडू नये म्हणून हे काम अंगणात, नाक-तोंड बांधून करावे.

पहिल्या चोवीस तासांची नोंद

यंत्र व्यवस्थित असताना त्याची मोटर किती तापते, हे लिहून ठेवल्याशिवाय पुढे काही बिघडले की नाही हे कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी 1, 4 आणि 24 तासांनी खोलीचे आणि मोटरच्या आवरणाचे तापमान वहीत लिहावे. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवतो. मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवावा आणि नेहमी त्याच तुकड्यावर नेम धरावा. मोटर तापायला वेळ घेते, त्यामुळे तासाभराचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. खोली आणि मोटर यांच्यातला फरक महत्त्वाचा असतो. जानेवारीत खोली 22 आणि मोटर 57, म्हणजे फरक 35. मार्चमध्ये खोली 32 आणि मोटर 67 असेल तर मोटर तशीच आहे, फक्त हवा तापली आहे. पण खोली 32 आणि मोटर 80 झाली, तर कुठेतरी ओढ वाढली आहे आणि पट्टा काढून बुश तपासायची वेळ आली आहे.

थर्मामीटर नसल्यास हाताची पाठ टेकवून पाहावी. पाच अंक मोजेपर्यंत कसाबसा धीर धरता आला तर ठीक, टेकवताच हात मागे आला तर यंत्र थांबवावे. मोटर ओली असेल किंवा तार उघडी दिसत असेल तर हात लावूच नये. पाणी आणि वीज शेजारी शेजारी असलेल्या या कामात अर्थिंगचे तीन पिनांचे प्लग आणि घराच्या बोर्डात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावेच.

लाइट गेली तर

शेडेड पोल मोटरची सुरुवातीची ताकद कमी असते. लाइट जाऊन दोन-तीन तास झाले की बॅरलमधली ग्रिट आणि दगडपूड तळाला बसून घट्ट होते, कढीचे पिठले होते म्हणा ना, आणि वीज आल्यावर तो सगळा गोळा मोटरला एकदम उचलावा लागतो. ते जमले नाही तर मोटर जागच्या जागी गुणगुणत उभी राहते, तिचा पंखाही फिरत नाही, आणि थोड्याच वेळात ती झपाट्याने तापते. म्हणून लाइट गेल्यावर बटण बंद करून ठेवावे. वीज आली की बॅरल हातात घेऊन आडवा धरून बऱ्याच वेळा गोल फिरवावा, आत दगड खळखळताना ऐकू आले की मगच रोलरवर ठेवून यंत्र चालू करावे. घरी कोणी नसेल त्या दिवसांत टंबलर बंद ठेवणे बरे.

इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर जास्त गुरगुरते आणि जास्त तापते. बॅरल हळू फिरावा म्हणून पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याची युक्तीही करू नये. भार तोच राहून व्होल्टेज कमी झाले की मोटर मागे पडते आणि अधिक प्रवाह ओढते. वेग कमी हवा असेल तर पुली बदलावी.

मोटर आपोआप बंद पडू लागली तर

थोड्या थोड्या वेळाने बंद पडून अर्ध्या-पाऊण तासाने परत सुरू होणे हे थर्मल कटआउटचे लक्षण आहे. एखादा मेकॅनिक ‘कटआउट खराब झालाय, डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. कटआउट काढल्यावर मोटर बंद पडणार नाही, पेटेल.

आधी पट्टा काढून मोटर एकटी दोन तास चालवावी. ती नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा थोडी थंड राहिली, तर दोष भाराकडे, म्हणजे बुश, पट्टा, वजन किंवा फुगलेल्या बॅरलकडे आहे. एकटीही तेवढीच किंवा जास्त तापली, किंवा बंदच पडली, तर दोष मोटरमध्ये किंवा पुरवठ्यात आहे. मग मल्टिमीटरने सॉकेटचे व्होल्टेज पाहावे, अमेरिकन यंत्र असेल तर ट्रान्सफॉर्मरचे बाहेर येणारे व्होल्टेजही पाहावे, आणि मोटरचा पंखा शाफ्टवर घट्ट बसला आहे ना हे तपासावे. प्लास्टिकचा तो पंखा भेगाळून शाफ्टवर नुसता फिरत राहतो, हे मी दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा मालकाने नवी मोटर मागवून ठेवली होती.

वार्निश जळल्याचा वास पक्का येत असेल, वाइंडिंग (आतल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे) काळे पडले असेल, तर एवढ्या लहान मोटरचे रिवाइंडिंग करण्यात अर्थ नाही. वाइंडिंगवाला जो आकडा सांगतो त्यात जवळपास नवी मोटर येते. बदली मोटर घेताना व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी आणि ड्यूटी यांच्यासोबत शाफ्टचा व्यास, शाफ्ट कोणत्या टोकाला निघतो ते आणि बसवण्याच्या भोकांमधले अंतर जुन्या मोटरवरून व्हर्नियरने मोजून न्यावे. जुनी पुली अडकलेली असेल तर तिचा छोटा स्क्रू सोडवून ती काढून घ्यावी आणि मगच जुनी मोटर भंगारात द्यावी, कारण ती पुली सुटी मिळवताना पुष्कळ हिंडावे लागते. नवी मोटर पहिले चोवीस तास खोक्याबाहेर, मोकळ्या हवेत चालवावी आणि वहीत नवे पान सुरू करावे.